न मोजलेली बुडी

आमच्या उतिला बेटावर येणारे पाहुणे जाताना डॉर्लन बॉडनला हमखास विचारत, पुढच्या वर्षी मुक्कामी बोट घ्यावी की पुन्हा इथंच उतरावं? बावीस वर्षं तो रिसॉर्टच्या पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला समुद्राखाली नेत होता. तो म्हणायचा, मासे बघायचे असतील तर बोट, जेवायचं असेल तर किनारा.

मागच्या ऑगस्टमध्ये तोच प्रश्न त्याच्याच पुढ्यात आला. रिसॉर्टच्या मालकाने एक मुक्कामी बोट घेतली. बोटीवर सहा दिवस समुद्रात, रोज पाच बुड्या. किनाऱ्यावर रोज दोन, आणि दुपारी घरी. दोन्हीकडे एकेक गाइड हवा होता आणि गाइड दोनच होते, डॉर्लन आणि त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ डेलमर. कोण कुठे जाणार ते घरात ठरवा, असं मालकाने सांगितलं.

डॉर्लनच्या डाव्या पावलाला चार वर्षांपासून काही कळत नव्हतं. एकदा खोलातून घाईने वर आला, तेव्हा अंगात हवेचे बुडबुडे अडकले होते. ला सेइबा शहरातल्या डॉक्टरने बजावलं होतं की दिवसाला दोनच्या वर गेलास तर पाय जाईल. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. लंगड्या गाइडला कोण ठेवतं?

रविवारी त्याच्या बायकोने, अर्लीने, नारळाच्या दुधातलं मासे-केळ्यांचं बांडो केलं होतं. तिघं जेवायला बसले.

"मी किनाऱ्यावर थांबतो," डॉर्लन म्हणाला. "लाटांवर झोपायचा कंटाळा आला."

"म्हातारे झालात, दाजी. सरळ सांगा ना, ताईशिवाय झोप लागत नाही."

"लग्न कर, मग कळेल."

"माझ्याशी कोण करतंय? बोटीवर एखादी गोरी मावशी भेटली तर बघतो."

अर्ली हसली. पायाचं सांगायला ती वेळ बरी होती. डॉर्लनने आणखी थोडं बांडो वाढून घेतलं.

डेलमरला पाण्यातलं सगळं डॉर्लननेच शिकवलं होतं. दोराचं कामही. बोट जागेवर पोचली की आमचा एक जण साठ फूट खाली जाऊन खडकातल्या कडीला दोर बांधतो आणि निघताना पुन्हा खाली जाऊन सोडतो. पाच मिनिटांचं काम. ही बुडी कुणी मोजत नाही, वहीत लिहीत नाही. दोर बांधणं म्हणजे काही बुडी नव्हे, असं डॉर्लनचा बाप म्हणायचा, आम्हीही म्हणायचो. किनाऱ्यावरच्या दोन बुड्यांबरोबर ते खपून जायचं.

तिसऱ्या आठवड्यात बोट लांबच्या खडकांवर होती, बेटापासून चौदा तासांवर. पाचवी बुडी संपवून डेलमरने कोरडा शर्ट घातला होता. वारा चढला. कप्तानाला लगेच निघायचं होतं. डेलमर खाली गेला, दोर सोडला आणि सरळ वर आला. कॉफी पिताना म्हणाला, पायांना मुंग्या आल्यात. कप संपला तेव्हा त्याला उठता येत नव्हतं.

बेटावर अंगात बुडबुडे अडकलेल्या लोकांना हवेच्या दाबात ठेवायची एक कोठडी आहे. रिसॉर्टवरून दहा मिनिटांची वाट. डेलमर तिथं दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला, तोवर हातही लुळे पडले होते.

किती बुड्या झाल्या, तिथल्या डॉक्टरने विचारलं.

"पाच," डेलमर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

डॉर्लन दारात उभा होता. "नऊ," तो म्हणाला. "बोट दोन जागी थांबली, म्हणजे चार दोराच्या."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. डेलमर गोंधळून डॉर्लनकडे बघत राहिला.

"पण दाजी, त्या कुठे मोजतात?"

अकरा दिवस त्याला कोठडीत आत-बाहेर केलं. हात सुधारले. कमरेखालचं काही परत आलं नाही.

अर्ली भावाचे कपडे घड्या करत होती. तोंड वर न करता ती म्हणाली, "तुमचा पाय मला माहीत होता. तापल्या फळीवर अनवाणी उभे राहता तुम्ही. मला वाटलं, त्याला तरी सांगाल."



मालक वाईट माणूस नव्हता. बसून हवेचे सिलिंडर भरायचं आणि नोंदी ठेवायचं काम तो डेलमरला द्यायला तयार होता. पण किनाऱ्यावर त्याला एकच माणूस परवडत होता, तिथल्या बुड्या तो बंद करणार होता, आणि बोट गाइडविना अडली होती. या वेळी घरात काही ठरवावं लागलं नाही. सोमवारी डॉर्लनने पिशवी भरली.

धक्क्यावर डेलमर चाकांच्या खुर्चीत बसून सिलिंडरचे दाब तपासत होता. डॉर्लन उतारावरून आला तेव्हा त्याचं डावं पाऊल फरफटत होतं. डेलमरला ते पहिल्यांदाच दिसलं.

"दोर कोण बांधणार?" त्याने विचारलं.

"मीच. दुसरं कोण आहे?"

"मग मोजा तरी."

"मोजेन."

त्याने मोजल्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याच्या नावापुढे वहीत नऊ आकडा पडला. कप्तानाने तो दोनदा वाचला आणि खाली सही केली.