बोलणाऱ्या मशीनचं स्थळ

माझा बाप तंबू सिनेमाबरोबर गावोगाव फिरून मशीन चालवायचा आणि मी त्याच्या शेजारी बसून रिळं गुंडाळायची. त्यामुळे बोनकोड्यात माझं लग्न जमणं आधीच कठीण. त्यात बेलापूरकडचं ते स्थळ आलं.

पाहुणे खाडीतून स्वतःच्या होडीने आले. मुलगा, त्याचा बापूस आणि गोणपाटात गुंडाळलेली सिनेमाची मशीन. मुलगी बघायला येताना लोक नारळ आणतात, ह्यांनी मशीन आणली. बापूस म्हणाला, "बोलपटाची हाय. मुंबईच्या जुन्या बाजारातून आनली. आता ही आमची होरी इकायची आन गावोगाव खेल लावायचं. व्याही, तुमी जानकार. किंमत सांगा."

व्याही! अजून चहासुद्धा झाला नव्हता.

माझ्या बापाने मशीन एकदाच निरखली आणि म्हणाला, "झकास! लाखात एक." मग माझ्याकडे बघून डोळे वटारले.

मला काय दिसत नव्हतं? फिल्म ओढणाऱ्या चाकाला दोन्हीकडे दात होते. बोलपटाच्या ह्या बारक्या फिल्मला भोकं एकाच काठाला असतात, दुसऱ्या काठावर आवाजाची पट्टी. हे मूकपटाच्या जमान्यातलं धूड पहिल्याच खेळात तो आवाज चावून टाकणार. सोबत भोंगाही दिला होता, छान रंगवलेला. त्याची वायर मशीनच्या पायाला बांधलेली, आत कुठेच जात नव्हती. विकणारा मोठा कलावंत असणार.

चहा देताना मी म्हटलं, "ही मुकी हाय. भिंग तेवढं चांगलं, बाकी लोखंडाच्या भावात जाईल."

झालं! बापूस उखडला. "पोरीला लय तोंड हाय!" वा रे वा! मशीन बोलणारी पाहिजे आणि सून मुकी.

मुलगा मात्र मशीनपाशी उकिडवा बसून त्या दातांवरून बोट फिरवत होता. त्याने मलाच विचारलं, "मंग होरी इकू नको?"

"नको."

एवढंच आमचं बोलणं. बापूस त्याला दंडाला धरून घेऊन गेला. "अक्कल पाजळायला हीच येल गावली तुला?" असं आई पुढे कित्येक दिवस ऐकवत राहिली. मी म्हणायची, दुसरं स्थळ येईल. स्थळं काय रांग लावून उभी होती!

पुढच्या उन्हाळ्यात मी धक्क्यावर मासळी सुकत घालत होते, तेव्हा खाडीतून एक वरात गेली. होडी बेलापूरच्या त्या मुलाचीच होती, नवरदेवही तोच. शेजारी नवरी, पदर ओढून गप्प बसलेली. त्याने माझं ऐकलं होतं, होडी विकली नव्हती. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू!