रक्मे आंबीच्या बागेतला वाकडा चर

बायकोच्या घरी नांदायला येऊन महिनाही झाला नव्हता, आणि वालसेंगने पहिला पराक्रम करून ठेवला. गारो टेकड्यांच्या पायथ्याशी जावई असेच सासरी नांदायला येतात. पण आल्या आल्या आजेसासूच्या सुपारीबागेत कुदळ चालवायची खुमखुमी ह्यालाच. पाणी साचतंय म्हणून त्याने कुणाला न विचारता ओहोळापर्यंत सरळ चर खणायला घेतला. एका घावासरशी मोठं ढेकूळ उलटलं. आत करड्या, ओल्या, बिनपायाच्या जिवाचं वेटोळं, आणि वेटोळ्यात काचेच्या मण्यांसारखी अंडी.

"साप!" म्हणत त्याने कोयता उचलला.

मागून कुणीतरी मनगट धरलं. रक्मे आंबी, म्हणजे आजेसासू. वय सत्तरीचं, मूठ मात्र विशीतली.

"बाजारगावच्या शाळेत हेच शिकलास का रे? सापाला खवले असतात. ही बघ, गांडुळासारखी वळ्यावळ्यांची. चिकिला आहे ती, बेडकाच्या गोतातली."

"चिकिला चावली की माणूस मरतो म्हणतात, आंबी."

"मीही तेच ऐकून लग्नाच्या वर्षी एक चिरली. मग तोंड उघडून पाहिलं. विषाचा दात नाही की काही नाही. पोटाखाली अंडी मात्र होती." आंबीने कोयता काढून घेतला. "तेव्हापासून ह्या बागेत कोयता फक्त केळीवर चालतो."

एवढ्यात चिकिला मातीत पसार झाली. आंबीचा चेहरा उतरला. आई परतली नाही, तर अंडी सुकणार. तिने अंड्यांना हात न लावता वर ओली माती आणि कुजका पाला लोटला, आणि चार हातांवर सुपारी चघळत बसली. जेवायलाही उठली नाही.

शेजारचा जांगसान कुंपणावरून ओरडला, "काय आंबी, सापांची बाळंतपणं कधीपासून करायला लागलीस?"

"तुझ्या आईचं केलं ना, तेव्हापासून."

उन्हं कलताना तिने एक पान हळूच उचललं. अंड्यांभोवती पुन्हा वेटोळं पडलं होतं. आंबीने नुसतं बोट दाखवलं. वालसेंगने श्वाससुद्धा जपून घेतला.

चर तिथून बारा हात वळसा घेऊन गेला. "पिऊन खणलास का रे जावई?" असं गाव अजून विचारतं. दोनेक महिन्यांनी पाल्याखाली सुतळीच्या तुकड्यांएवढी पिल्लं वळवळली, तेव्हा आंबीने त्याला हाताला धरून नेऊन दाखवली.

"तिचं छप्पर तू मोडलंस," ती म्हणाली. "जंगलातल्या कुजक्या पाल्याची एक करंडी तुझ्याकडे लागते."

"उद्या आणतो, आंबी."

त्या उद्याला तीन महिने झाले. आंबी त्यासाठीची रिकामी करंडी रोज सकाळी त्याच्या चपलांवर उपडी घालून ठेवते.