नेटला फॅट लागंना

आमच्या बिल्डिंगमध्ये पूर्वी दोन माणसं जिन्यात भेटली की "जेवलासा काय?" विचारायची. आता "तुमचं चालालंय काय?" विचारतात. काय चालालंय, हे वेगळं सांगावं लागत नाही. नेट! ह्या एका प्रश्नावर आमच्याकडे इतके किस्से साठलेत, की खाली दूध आणायला गेलेलं माणूस चहाची वेळ टळली तरी वर येत नाही. सांगणारा हसतो, ऐकणारा हसतो. मग घरात येऊन दार लावलं की मात्र काही बरं वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तर आहे तेवढंही नेट काढून घेतील.

* * *

सुरुवात माझ्यापासूनच झाली. मी विद्या, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि घरातून ऑनलाइन योगाचे क्लास घेते. विद्यार्थी पुण्याचे, नाशिकचे, एक बाई तर दुबईच्या.

त्या दिवशी वृक्षासन चाललं होतं. एका पायावर उभं राहायचं, हात वर जोडायचे. मी करून दाखवलं आणि बजावलं, "मी सोडल्याशिवाय कुणी सोडायचं नाही." थोड्या वेळानं मी सोडलं. पण त्यांच्या स्क्रीनवर मी तशीच! एका पायावर, हात वर, चेहरा शांत. माझं चित्र अडकलेलं. मी इकडं "सोडा, सोडा" म्हणून घसा फोडतेय आणि ही सगळी माणसं आज्ञाधारकपणे डुलतायत. नाशिकचे रिटायर्ड काका शेवटी सोफ्यावर कोसळले.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. "मॅडम, तुमचा स्टॅमिना पाहून स्वतःची लाज वाटली. उद्यापासून क्लास बंद करतो."

नेट बंद पडलं असतं तरी परवडलं असतं. बंद पडलं की सगळ्यांना कळतं, फोन करता येतो. हे स्पीड हळूच कमी केलेलं. मेसेज नाही, नोटीस नाही. बॉक्सवरचे दिवे सगळे हिरवेगार. आपल्यालाच वाटत राहतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

* * *

हे झालं काय, ते नेमक्या शब्दांत आप्पांनी सांगितलं. आप्पा चौगुले म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले. जन्मभर दुधाचा टँकर चालवला. ते म्हणाले, "टँकर भरलेलाच दिसतोय की. पर फॅट लागंना. वरची साय कोणतरी काढून घ्यालंय."

आप्पांना नेटचं काय पडलंय, असं कुणालाही वाटेल. त्यांना ना सिनेमा लागतो, ना क्रिकेट. पण त्यांच्या मालनकाकूंचं डोकं विसरायला लागलं होतं. आधी गॅस बंद करायचा विसरल्या, मग शेजारणींची नावं. मग कधीकधी आप्पांनाच "ओ ड्रायव्हर" म्हणून हाक मारायच्या. आप्पाही म्हणायचे, "बोला मालकीण." दुसरं काय करणार!

राहिलं होतं ते एक नाव. वैशाली. कॅनडात असलेली एकुलती एक मुलगी. रोज संध्याकाळी ती टीव्हीवर व्हिडिओ कॉल करायची. तिचं तोंड दिसलं की काकूंचं डोकं ताळ्यावर यायचं. केस बांध, कानाला गुंडाळ काहीतरी, जावयाला भात जास्त देऊ नको, पोट सुटलंय. ऐकणाऱ्याला वाटावं, ह्या बाईला काही झालेलंच नाही. आप्पा दिवसभर त्या वेळेवर जगत होते.

नेट उतरलं आणि वैशालीच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले. काकू टीव्हीकडं बघत राहिल्या. वैशालीनं विचारलं, "आई, मी कोण?"

काकू म्हणाल्या, "आवाज तर आमच्या वैशाचा काढालीस. पर तोंड कुठाय तुझं?"

मीही तिथंच बसले होते, मला हसू आलं. वैशालीही हसली. आप्पा हसले नाहीत. ते उठून बॉक्स पुसायला लागले.

* * *

मग मी कंपनीला फोन लावला. माझं आणि आप्पांचं, दोन्ही कनेक्शन माझ्याच नावावर आहेत, आप्पांना ते ओटीपीचं झेंगट नको होतं म्हणून.

आता एक सांगायला पाहिजे. लिहिताना मी "गेले, आले" लिहिते. पण बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बायका "गेलो, आलो" म्हणतो. रागात असलो तर नक्कीच म्हणतो. त्यातून माझा आवाज जाड.

"मी काल फोन केलतो, परवा केलतो, आज परत बोलालोय," मी सुरू केलं.

पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, कनेक्शन विद्या मॅडमच्या नावावर आहे. मॅडमना फोन देता का?"

"मीच हाय की!"

"सर, प्लीज. मॅडमशीच बोलावं लागेल."

शेवटी मी फोन खाली धरला, दम घेतला, आणि शाळेत भाषण करायचे तसं गोड बोलले, "हॅलो, मी विद्या बोलतेय."

"थँक यू मॅडम," ती म्हणाली, "आणि सरांना सांगा ना, एवढं ओरडू नका म्हणावं."

तक्रार नोंदवली गेली. सरांची नाही, माझी.

* * *

तक्रारीवर संतोष आला. कंपनीचा लाइनमन. चाळिशीचा, पोट सुटलेला, आणि माणूस चांगला. सगळ्या पेठेच्या शिव्या हाच खातो, कारण कंपनीच्या वतीनं दारात उभा राहणारा हा एकटाच.

त्यानं आप्पांच्या घरात बसून मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली. काटा सरळ वर! फुल स्पीड. त्याच वेळी वैशालीचा कॉल चालू होता आणि टीव्हीवरचं तोंड एकदम लख्ख झालं.

काकू म्हणाल्या, "वैशा! केस कधी कापलीस गं?"

टेस्ट संपली आणि तोंड परत विरघळलं.

संतोषनं दाराकडं एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "टेस्ट लावली की वरनं सोडत्यात. गिऱ्हाईक बघालंय म्हटल्यावर. टेस्ट संपली की परत आवळत्यात. माझं नाव सांगू नका."

त्या दिवसापासून आप्पांची एक नवीन नोकरी सुरू झाली. मायलेकी बोलायला लागल्या की हे बाजूला मोबाइल घेऊन बसायचे. टेस्ट संपली की परत बटण दाब. संपली की परत दाब. पोरीशी एक शब्द बोलायचे नाहीत, तिकडं बघायचेसुद्धा नाहीत. अंगठा आणि काटा, बस्स. वैशाली म्हणायची, "आप्पा, तुम्ही पण बोला की." आप्पा म्हणायचे, "तू बोल आईसंगं. मी गाडी चालवालोय."

काही दिवस ती गाडी चांगली चालली. काकू वैशालीला ओळखत होत्या, रागवत होत्या, एकदा तर गाणं म्हटलं. मग कंपनीला तेही कळलं असावं. टेस्टचा काटा वर जायचा, पण टीव्हीवरचे चौकोन काही हलायचे नाहीत.

मला इतका राग आला ना! चोर तो चोर, आणि वर आपल्यालाच वजनकाटा दाखवणार.

* * *

आप्पा म्हणाले, हापिसात जाऊ. गेलो. एसी, काच, काचेमागं एक मॅडम, नाकीडोळी नीटस. तिनं प्लॅन उघडला आणि समजावलं, की काका, इथं "अप टू" लिहिलंय. म्हणजे शंभर"पर्यंत". शंभरच देऊ, असं कुठं म्हटलंय?

आप्पा म्हणाले, "व्हय की. म्हंजे पन्हाळ्यापर्यंत म्हणून गाडीत बसवायचं आणि खाली वाघबीळातच उतरवायचं. जावा आता घाट चढत."

मॅडम हसली. मोठा प्लॅन घ्या म्हणाली. आप्पांनी तोही घेतला, काही फरक पडला नाही, ते पुढचं झालं. पण त्या वेळी ते तिच्या काचेला जवळजवळ कपाळ टेकवून म्हणाले, "ताई, माझ्या बायकोला पोरीचं तोंड दिसंना. तोंड दिसलं तर तिला वळख पटतीया. न्हायतर न्हाय पटत. एवढंच काम हाय माझं नेटकडं."

मॅडमनं कीबोर्ड पुढं ओढला. खरंच ओढला, खोटं कशाला बोलू. मग कॉम्प्युटरकडं बघून म्हणाली, "काका, तक्रारीत हे बसत नाही. 'नेट बंद', 'नेट स्लो' आणि 'इतर'. काय टाकू?"

आप्पा म्हणाले, "तुमास्नी काय वाटतं?"

तिनं "इतर" टाकलं.

* * *

वैशालीला येता येत नव्हतं. तिच्या तिथल्या कागदपत्रांचा घोळ चालला होता, बाहेर पडली तर परत आत घेतील की नाही याची खात्री नव्हती. फोनवर ती माझ्याजवळ रडायची. मग तिनंच डोकं चालवलं, स्वतःचा मोठा फोटो मला पाठवला आणि सांगितलं, की प्रिंट काढून आईसमोर लाव. रोज बघेल तर विसरणार नाही.

मी हौसेनं चांगली लाकडी फ्रेम करून आणली. आप्पांनी भिंतीवर खिळा मारला. फोटोत वैशाली इतकी छान हसत होती.

काकू दुपारी झोपून उठल्या, भिंतीकडं बघितलं आणि मोठ्यांदा रडायला लागल्या. "माझी वैशा कधी गेली? मला कोण कसं न्हाय बोललं?"

आपल्याकडं भिंतीवर फ्रेममध्ये कोण असतं, हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलंच नाही. काकूंच्या मात्र डोक्यात ते पक्कं होतं. सगळं विसरल्या, पण ते नाही विसरल्या.

आप्पांनी फोटो काढला आणि कपाटात उलटा ठेवला. भिंतीतला खिळा उपसता उपसता प्लास्टरचा पोपडाच हातात आला. मला वाईट एवढंच वाटतं, की त्या दिवशी काकूंनी वैशालीला फोटोत बघताक्षणी ओळखलं होतं.

* * *

मग एक दिवस सगळी बिल्डिंग मिळून हापिसात गेली. वरच्या मजल्यावरच्या बायका, खालचा गिरणीवाला, सगळे. कोल्हापुरात माणसं एकत्र बोलायला लागली की काचेपलीकडंही ऐकू जातं. आमची सगळी कनेक्शन उद्या काढा, एवढंच म्हणालो. कंपनीनं चूक कबूल केली नाही, सॉरी म्हटलं नाही. जसं गुपचूप कमी केलं होतं, तसंच गुपचूप वाढवलं.

संतोष स्वतः नवीन बॉक्स घेऊन आला. आधी माझ्याकडं बसवला, मग आप्पांकडं. आप्पांनी दाढी केली होती. काकूंना त्यांनी इरकल नेसायला लावलं होतं, केसाला तेल लावून वेणी घातली होती. मीही त्यांच्या घरात जाऊन बसले.

वैशालीचा कॉल आला आणि काय सांगू, काचेपलीकडं बसल्यासारखी दिसायला लागली! हनुवटीवरचा तीळ दिसत होता. तिच्या मागं खिडकी, खिडकीत बर्फ पडत होता, तोही दिसत होता. कुठं चौकोन नाही, अडकणं नाही. वैशाली नुसती आईकडं बघत राहिली. आप्पांनी आवाज वाढवला आणि काकूंची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली.

काकूंनी बराच वेळ निरखलं. मग पदर सारखा केला आणि हसल्या. पाहुण्यांना बघून हसतात तशा.

"या पावणं," त्या म्हणाल्या. "बसा की. लांबनं आलासा जणू. जेवूनच जावा."

वैशालीचे ओठ थरथरलेलेही त्या टीव्हीवर स्वच्छ दिसले. ती म्हणाली, "व्हय. जेवूनच जातो."

संतोषच्या हातात मोबाइल होता, त्यावर टेस्टचा काटा पार टोकाला टेकलेला. तो आप्पांना दाखवायला पुढं झाला.

आप्पांनी मोबाइलकडं बघितलं नाही. टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "संतोष, अजून स्लोच हाय बघ."

संतोषनं एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग मोबाइल खिशात घातला, खाली बसला आणि त्या नव्याकोऱ्या बॉक्सचे स्क्रू परत काढायला लागला.