सासऱ्यांनी केलेली चित्राची प्रतवारी

जगात कापूस आणि कापसासारखं बाकी सगळं, अशा दोनच गोष्टी आहेत, असं आमच्या सासऱ्यांचं ठाम मत आहे. तेल्हाऱ्यात त्यांनी उभा जन्म कापसाची प्रतवारी केली. चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी बघायची आणि उत्तरेच्या उजेडात रंग ठरवायचा. निवृत्तीनंतर ती चिमूट स्वस्थ बसेना. लग्नातल्या शालूंपासून शेजाऱ्याच्या दाढीपर्यंत ती सगळीकडे फिरली. "धागा लांब हाय, पण कचरा लय," हा शेरा ऐकून शेजारी दुसऱ्याच दिवशी न्हाव्याकडे गेला.

मी चित्रकार. "चित्रं काढता थे ठीक, पण करता काय?" असं त्यांनी लग्नाच्या बैठकीतच विचारलं होतं. तेव्हापासून सोळा वर्षं मी त्यांच्या एका बऱ्या शब्दाची वाट पाहत होतो. त्यामुळे अमरावतीत माझ्या प्रदर्शनाला ते आले तेव्हा मी दारापर्यंत धावत गेलो. मधोमध माझं मोठं चित्र होतं. निळी बाई, चेहरा नाही, एक खांदा उतरलेला, छातीशी पिवळा त्रिकोण. एक प्राध्यापक सांगत होते, निळा म्हणजे अथांगता, त्रिकोण म्हणजे आदिशक्ती. सासऱ्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि चित्र सरळ भिंतीवरून उतरवलं! "ट्यूबच्या उजेडात रंग लबाड बोलते," म्हणत ते चित्र काखेत मारून उत्तरेकडच्या व्हरांड्यात निघाले. मागे मी, माझ्यामागे रखवालदार, त्याच्यामागे चहाचा कप सांभाळत प्राध्यापक, अशी वरातच निघाली.

कठड्याला चित्र टेकवून त्यांनी नखानं निळा रंग खरवडला.

"माल एक नंबर हाय, जावईबापू."

सोळा वर्षांनी! मला नाचावंसं वाटलं.

"आणि त्रिकोण?" प्राध्यापकांनी विचारलं.

"घडीची पोळी हाय न थे. उभ्यानंच खाऊन राहिली बाई." मग ते आणखी वाकले. "हे तं आमची सुमी हाय. खांदा पाहा तिचा. बसाले टाइम नाई भेटत काय हो तिले?"

खांदा मी चित्राच्या तोलासाठी उतरवला होता. पिवळा रंग निळ्यात उठून दिसावा म्हणून घातला होता. सुमी, म्हणजे माझी बायको, घरची कामं टाकून येता येईना म्हणून अकोल्यालाच राहिली होती. मला स्वतःची फार लाज वाटली. मी तिला फोन लावला.

"जेवलीस?"

"झालं न मघाशीच."

"बसून?"

ती हसली.

"बाबा पोचले वाटते तिथं?"