हलगी थांबवली नाही

शर्यतीआधी घोडा तपासायचा तर त्याला कडक रस्त्यावर दुडक्या चालीनं पळवायचं आणि डोक्याकडे बघायचं. पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर उडतं. मी जनावरांची सरकारी डॉक्टर, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

सोनारीच्या अलीकडे एका गावच्या यात्रेत घोड्यांच्या शर्यतीला माझी ड्यूटी लागली होती. माझी सही नसेल तर घोडा रेषेवर उभा राहायचा नाही. मी तापट. पंच मला वचकून असत, आणि मला ते आवडायचं.

सगळ्यांत शेवटी एक पांढरी घोडी आली. मालक लग्नात नवरदेव मिरवून पोट भरणारा. घोडी पळवली, तर तिचं डोकं उडायला लागलं. मी आठ्या घातल्या. एक पंच हसून म्हणाला, "वरातीतली हाय मॅडम. हलगी ऐकली की नाचतीया." शेजारी हलगी कडाडत होतीच. लोक टाळ्या पिटत होते. मालक मात्र नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

हलगी बंद करा, एवढंच म्हणायचं होतं. पण दुपार कलली होती, पंच घाई करत होते आणि मला कडकडून भूक लागली होती. मी सही केली.

वळणावर घोडी कोसळली. पुढचा डावा पाय मोडला होता. शेवटचं इंजेक्शन मीच दिलं. तिच्या मानेवर हात ठेवून बसलेला मालक मला एका शब्दानं बोलला नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, त्याची आज लाज वाटते.

आता निवृत्त होऊन उमरग्यात राहते. रस्त्यानं वरात आली की मी गॅलरीत जाते आणि घोड्याचं डोकं बघत बसते. हलगी थांबेपर्यंत आत येववत नाही. घरचे चेष्टा करतात.

मागच्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नात तो मालक दिसला. दुसऱ्याच्या घोड्याचा लगाम धरून उभा होता. मी जवळ जाऊन म्हणाले, "त्या दिवशी मी हलगी थांबवायला हवी होती."

तो घोड्याची आयाळ सारखी करत म्हणाला,

"आदल्या दिशी तिनं पाय उचलून धरला व्हता, मॅडम. मला शर्यतीचा लई नाद, पण मनात धाकधूक व्हती. तुमी न्हाय म्हनला असता तर म्या तिला घरी नेनार व्हतो. तुमी सही केली, तवा माजा जीव भांड्यात पडला."