तबकावरचा मजकूर

आमच्या घरात चांदीचं एक तबक होतं आणि त्या तबकाचा बाबांना जरा जास्तच अभिमान होता. ते त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, नाशिकच्या कचेरीतल्या एका इंग्रज साहेबाने बदली होऊन जाताना दिलेलं. मधोमध इंग्रजीत चार ओळी कोरलेल्या: आजोबांचं नाव, त्यांच्या इमानी नोकरीची तारीफ आणि साहेबाचं नाव. बाबांना त्या ओळी तोंडपाठ होत्या. पाहुणा चहाला टेकला की त्या ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. तबक मात्र ते कधी हातात घेत नसत. ते आईच्या ताब्यात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यात तिळगूळ मांडायचा, एरवी जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात.

नव्वद सालच्या सुमाराला शहरातल्या एका छोट्या संग्रहालयाने इंग्रजी अमदानीतल्या शोभेच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि लोकांकडे घरातल्या वस्तू मागितल्या. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना आयतं काम मिळालं. आजोबांचं नाव काचेच्या कपाटात लागणार, हे त्यांनी पुण्याच्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना कळवून टाकलं. आई म्हणाली, त्यापेक्षा गुलाबदाणी द्या, ती दिसायलाही छान आहे. बाबांनी ऐकलं नाही. तबक द्यायच्या दिवशी ते धोतरात गुंडाळलेलं तसंच घेऊन मी त्यांच्यासोबत निघाले, तर आईही साडी बदलून तयार. बाबांच्या कामात ती न बोलावता कधी यायची नाही, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

संग्रहालयात देवळाली कॅम्पातल्या बंगल्यांमधून आलेले चहाचे सेट, काचेच्या हंड्या, एक बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ असा पसारा होता. प्रदर्शन लावणाऱ्या बाई तरुण आणि फार नीटनेटक्या होत्या. त्यांनी हातमोजे घालून तबक उजेडात धरलं, तिरपं केलं, भिंग लावलं आणि विचारलं, मजकूर कुठे आहे? बाबांनी मधोमध बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं. कडेची वेलबुट्टी पुसट का होईना जागेवर होती, मधला भाग मात्र अगदी गुळगुळीत.

बाबा आधी हसले. मग त्यांनी चारही ओळी म्हणून दाखवल्या. बाईंनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, मजकूर नसेल तर हे आपण साध्या चांदीच्या भांड्यांत मांडू. आता बाबांचा पारा चढला. काही वर्षांपूर्वी तबकाच्या कडेला भेग पडली तेव्हा ते सराफ बाजारातल्या आमच्या नेहमीच्या सोनाराकडे दिलं होतं. त्यानेच ते बदललं, असं बाबांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. आत्ता रिक्षा करतो आणि चार लोकांत त्याला जाब विचारतो, म्हणत ते दाराकडे निघाले.

"त्याला काही बोलू नका," आई म्हणाली. "मीच घासलंय ते."

बाबांना वाटलं, ती सोनाराला सांभाळून घेतेय. चांदी रांगोळीने घासतात आणि रांगोळीने कोरलेली अक्षरं जात नाहीत, एवढं त्यांनाही ठाऊक होतं.

"कडेला रांगोळी, मधे विटकरीचा भुगा. लग्न होऊन आले त्या संक्रांतीपासून." तिचा आवाज चढला नव्हता. "अशाच एका साहेबाच्या सहीने माझे वडील तुरुंगात गेले, बेचाळीस साली. परत आले ते खंगूनच. वर्षसुद्धा काढलं नाही. आणि मी त्या नावावर तिळगूळ मांडायचा? मला फक्त साहेबाचं नाव घालवायचं होतं. मामंजींचं शेजारीच होतं, तेही गेलं."

आईचे वडील लवकर गेले, एवढंच मला माहीत होतं. तुरुंगाचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाबांना मात्र माहीत असणार, कारण त्यांना धक्का बसलेला दिसला नाही. "मला सांगायचंस," एवढंच ते म्हणाले.

"कसं सांगणार? त्या ओळी म्हणताना तुम्ही किती आनंदात असायचात."

तबक तिथेच ठेवून आम्ही परतलो. पुढे काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. मला दोघांचाही राग आला होता. बाबांचा, त्यांनी कधी विचारलं नाही म्हणून, आणि आईचा, तिने इतकी वर्षं एकटीनेच ते सोसलं म्हणून.

उद्घाटनाला बाबा आम्हा दोघींना घेऊन गेले. तबक साध्या भांड्यांत नव्हतं. त्याला वेगळी काचपेटी दिली होती आणि खाली लिहिलं होतं: 'चांदीचे तबक. इंग्रज अधिकाऱ्याने नाशिकच्या कारकुनाला दिलेले. त्यावरचा मजकूर घरच्या सुनेने घासून काढला. तिचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते.' बाबा मधे एकटेच येऊन हे सांगून गेले, असं त्या बाईंनी मला हळूच सांगितलं. आईने ते दोनदा वाचलं. मग विचारलं, मामंजींचं नाव का नाही घातलंत?

"तुझ्या वडिलांचं तरी कुठे होतं आपल्या घरात," बाबा म्हणाले.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, तुझ्या भावाकडे वडिलांचा एखादा फोटो असेल ना? मोठा करून घेऊ, बैठकीत लावू. आई म्हणाली, त्यांचा फोटो कधी काढलाच नव्हता. मग कसे दिसायचे ते तरी सांग, बाबा म्हणाले. उंच होते, आई म्हणाली, सावळे होते, आणि थांबली. ते गेले तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती. तिला त्यांचा चेहरा आठवत नव्हता.