आखाजीची घागर

"तुझ्या घरी पण येतात का गं मेलेली माणसं, पाणी प्यायला?"

गाईड मॅडमनी एवढंच विचारलं आणि खोली हसली. माझ्या मागच्या वर्गातली पोरंपोरी, सगळीच्या सगळी. जळगावच्या आमच्या मानसशास्त्र विभागात एका भिंतीला काच आहे. आत पेशंट, बाहेर आम्ही. आम्हाला तो दिसतो, ऐकू येतो. त्याला आम्ही नाही. आतली बाई पदर सारखा करत बसली होती. आपल्यावर हसतायत हे तिला कळलं नाही. मला कळलं. अर्धं हसणं माझ्यावरच होतं.

मी पिंपळनेरकडची. भिल्लाची पोर. आमच्या अहिराणीतलं 'शे' सोडून 'आहे' म्हणायला कधीच शिकले, तरी मॅडमना माझ्या तोंडातून गावच ऐकू येतं. "कोट्यातल्यांना जरा सांभाळून घ्यावं लागतं," असं माझ्यादेखत पाहुण्यांना सांगतात. खेड्यातला पेशंट आला की मात्र हाक मलाच. विचारायचं मी, समजून घ्यायचं मी, केसवर नाव त्यांचं. पीएचडी करायला आले आणि दुभाषी झाले.

ही बाई साक्रीकडची. हायवेवर नवरा ट्रकखाली गेला. तेव्हापासून झोप नाही, जेवण नाही. दीर घेऊन आला होता. त्याला वहिनी वेडी आहे असा कागद पाहिजे होता. तो मिळाला की तिची पोर तिच्याकडून काढून घ्यायची, हे त्यानं लपवलंही नव्हतं.

मी आत जाऊन बोलले. ती म्हणाली, "आखाजीले मना मालक उना व्हता, बाई. घागरनं पानी पिधं त्यानी. मंग गया." बाहेर येऊन मी मराठीत सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवरा आला, घागरीतलं पाणी प्याला, गेला. मॅडम लगेच म्हणाल्या, लिहा, भास. मेलेला नवरा दिसतो.

मी म्हटलं, थांबा. आखाजीला खानदेशात घरोघरी गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवतात. विस्तवात घास टाकून त्याला हाक मारतात. मग सगळेच म्हणतात, आला, प्याला. डोळ्यांनी दिसला का, हेही मी तिला विचारलंय. तर ती मलाच हसली. म्हणाली, "मरेल मानूस कोठे दिखस, बाई?" मेलेला माणूस कुठं दिसतो, असं.

यावर मॅडमनी तो प्रश्न विचारला. माझ्या घरी येतात का म्हणून. हसणं थांबल्यावर वर म्हणाल्या, "तू भाषांतर कर. डोकं आम्ही चालवू."

आजवर सगळं गिळलं होतं. म्हटलं, आज नाही.

"मॅडम, गेल्या पितृपक्षात तुम्ही दुपारी आलात. म्हणालात, कावळा पानाला शिवेना, सासरे रुसलेत. तेव्हा आम्ही कुणी भास लिहिला नाही."

मॅडम माझ्याकडं वळल्या.

"थिसिसवर सही कुणाची लागते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. भाषांतर आजपासून बंद."

अहवाल मी माझ्या नावानं लिहिला. नवरा गेल्याचं दुःख आहे, झोप उडाली आहे, भास नाहीत. व्हरांड्यात दिराला तोंडावर सांगितलं, ही वेडी नाही, वेडी असल्याचा कागद माझ्या हातून निघणार नाही. तो खवळला, तुमच्या वरच्या साहेबांकडं जातो म्हणाला. म्हटलं, जा.

माझ्या थिसिसवरची मॅडमची सही अडली. अजून अडलेलीच आहे. मैत्रिणी म्हणतात, माफी माग आणि मोकळी हो. कशाची माफी? त्यांचा कावळा म्हणजे संस्कार आणि आमची घागर म्हणजे आजार, हे मान्य करायची?

ती बाई पोरीला सोबत घेऊन येते. आता थोडी झोपते. मी तिच्याशी अहिराणीतच बोलते, आणि काचेमागच्यांसाठी एक शब्दही मराठीत करत नाही. ते ताटकळतात. ताटकळू देत. सही अडवायची तर अडवा, मी विभाग सोडत नाही. ज्याला समजून घ्यायचंय त्यानं काचेमागून उठून आत यावं, माझ्यासमोर बसावं आणि मला विचारावं.